कलम ३१ आणि कलम ४१ : सोलापूरच्या जुन्या मिलमधून राज्यघटनेकडे

राज्यघटनेविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार पडतात. एका प्रकारात घटना ही पोथी असते. तिला हार घालायचा, तिची उद्देशिका एका सुरात म्हणायची आणि घरी जायचे. दुसऱ्या प्रकारात घटना ही सगळ्या दुःखांचे खापर फोडण्याची जागा असते. गावात अत्याचार झाला, गिरणी बंद पडली, जमीन मिळाली नाही, की घटनेने काय दिले असा प्रश्न विचारला जातो. पहिला प्रकार आपल्या चळवळीत अधिक रुजला आहे आणि त्याला कारणही आहे. ज्यांना ही घटना पहिल्या दिवसापासून नको होती, ज्यांना मनुस्मृतीच्या दहनाची जखम अजून ठसठसते, त्यांच्या हल्ल्यापुढे आपण घटना छातीशी धरली. हे समजण्यासारखे आहे. परंतु छातीशी धरलेले पुस्तक वाचता येत नाही, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

खुद्द बाबासाहेबांनी घटनेला पोथी मानले नव्हते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात त्यांनी इशारा दिला होता की, आपण एका विसंगतीच्या जीवनात प्रवेश करीत आहोत. राजकारणात एक माणूस एक मत राहील, आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता तशीच राहील. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत ते याहून पुढे गेले आणि ही घटना जाळायला आपण पहिले पुढे येऊ, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा विषय त्या वेळी चालू होता. हे उद्गार विरोधक सोयीने वापरतात आणि आपण सोयीने विसरतो. दोघेही त्यामागचे कारण तपासत नाहीत.

प्रस्तुत लेखात घटनेला एकच कसोटी लावायची आहे. ज्याच्यावर अन्याय झाला त्या माणसाला ठोठावण्यासाठी घटनेने दार दिले आहे काय, आणि त्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे? या कसोटीसाठी दिल्लीला जाण्याचे कारण नाही. सोलापुरातली एक गिरणी पुरेशी आहे.

१

सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी १८७४ सालची. सोलापूरच्या तोंडी ती 'जुनी मिल'. या मिलच्या भोंग्यावर शहराच्या निम्म्या भागाची दिनचर्या चालत असे. २७ जुलै १९४९ रोजी कंपनीच्या संचालकांनी मिल बंद करण्याची नोटीस लावली आणि महिनाभराने, ऑगस्टच्या अखेरीस, मिल खरोखरच बंद झाली. त्याच वेळी दिल्लीत घटना समिती मसुद्याच्या एकेका कलमावर मतदान करीत होती. म्हणजे तिकडे घटनेची शब्दरचना पक्की होत होती आणि इकडे हजारोंच्या हातचे काम जात होते.

घटना अंमलात येण्याच्या सतरा दिवस आधी, ९ जानेवारी १९५० रोजी, केंद्र सरकारने वटहुकूम काढून मिलचा कारभार ताब्यात घेतला. एप्रिलमध्ये वटहुकमाची जागा कायद्याने घेतली. एका कंपनीपुरता कायदा! भागधारकांनी संचालक नेमायचे नाहीत, त्यांचे ठराव सरकारच्या मान्यतेवाचून चालायचे नाहीत, सरकारच्या संमतीशिवाय कंपनी गुंडाळायची नाही, अशी त्याची रचना होती. या कायद्याचे प्रास्ताविक मुद्दाम पाहावे. गैरकारभारामुळे अत्यावश्यक मालाच्या उत्पादनाला बाधा आली आणि समाजाच्या एका विभागात गंभीर बेकारी निर्माण झाली, हे कारण तेथे दिले आहे. कामगार या कायद्यात आला तो असा, कारण म्हणून. पक्षकार म्हणून त्याला कोठेही जागा नव्हती.

यानंतर कोर्टाची पायरी चढली ती भागधारकांनी. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाने नव्या घटनेच्या ३२ व्या कलमाखाली थेट सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. समतेच्या चौदाव्या, स्वातंत्र्याच्या एकोणिसाव्या आणि मालमत्तेच्या एकतिसाव्या कलमाचा भंग झाला, असे त्याचे म्हणणे. ४ डिसेंबर १९५० रोजी तीन विरुद्ध दोन अशा मतांनी अर्ज फेटाळला गेला. एकाच कंपनीसाठी केलेला कायदाही, तिची परिस्थिती वेगळी असेल तर, समतेला बाध आणत नाही असे बहुमताने मानले. प्रकरण एवढ्यावर थांबले नाही. द्वारकादास श्रीनिवास या दुसऱ्या, अग्रहक्काचे शेअर असलेल्या भागधारकाने वेगळ्या दाव्यातून पुन्हा तोच कायदा आव्हानित केला. नव्या संचालकांनी शेअरवरील उरलेले पैसे मागितले होते, त्यावरून हा दावा उभा राहिला. मुंबई उच्च न्यायालयात तो हरला, परंतु १८ डिसेंबर १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयात जिंकला. कारभार ताब्यात घेणे म्हणजे वस्तुतः मालमत्ताच काढून घेणे होय, आणि भरपाईची तरतूद नसल्याने हा कायदा एकतिसाव्या कलमाविरुद्ध आहे, असा निर्णय झाला.

येथे न्यायमूर्तींना दोष देण्याचा हेतू नाही. त्यांच्यापुढे जे कलम होते ते त्यांनी वाचले. आपल्याला पाहायचे आहे ते हे की, ज्या भागधारकाचा संबंध लाभांशापुरता होता, त्याच्यासाठी घटनेने सर्वोच्च न्यायालयाचे दार उघडे ठेवले होते. आणि ज्याचे पोट त्या मिलवर होते त्याच्यासाठी?

२

त्याच्यासाठी ४१ वे कलम होते. राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत काम मिळण्याचा, शिक्षणाचा, आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण यांत साहाय्य मिळण्याचा हक्क उपलब्ध करून द्यावा, असे ते सांगते. त्याच्या पुढे ४३ वे कलम निर्वाहवेतनाचे. ३९ वे कलम तर याहून मोठे आहे. समाजाची भौतिक साधने सर्वांच्या हिताला उपकारक होतील अशी वाटली जावीत, संपत्ती मूठभरांकडे साठू नये, असे त्यात आहे. शब्द पाहिले तर जगातल्या कोणत्याही कामगार पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात घ्यावेत असे.

परंतु या सर्वांच्या आधी ३७ वे कलम उभे आहे. ही तत्त्वे देशाच्या कारभारात मूलभूत आहेत, मात्र कोणत्याही न्यायालयातून त्यांची अंमलबजावणी करून घेता येणार नाही, असे ते बजावते. ३१ व्या कलमाला दार होते, ४१ व्या कलमाला भिंत. एकाच मिलमधल्या दोन माणसांना एकाच घटनेने दिलेली ही दोन वेगळी वागणूक आहे. घटनेच्या मूळ रूपातील दुर्बलता शोधायची तर ती येथे आहे. अन्याय करणाऱ्या एखाद्या कलमात ती सापडत नाही. चौथा भाग तिसऱ्या भागापासून तोडण्यात ती आहे.

आणि हा भेद फक्त कामगारालाच जाचला असे नाही. अनुसूचित जाती-जमाती व दुर्बल घटकांच्या शैक्षणिक व आर्थिक हिताची काळजी घ्यावी असे सांगणारे ४६ वे कलमही चौथ्या भागातच आहे. मद्रास राज्याने महाविद्यालयीन प्रवेशात जातवार जागा ठेवल्या होत्या. चंपकम दोराईराजन प्रकरणात एप्रिल १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मार्गदर्शक तत्त्वे मूलभूत हक्कांच्या आड येऊ शकत नाहीत, आणि त्या जागा रद्द झाल्या. तेव्हा संसदेला पहिली घटनादुरुस्ती करून १५ व्या कलमात चौथे उपकलम घालावे लागले. ज्या सवलतीवर आपल्या दोन-तीन पिढ्या शिकल्या, ती शिक्षणातील राखीव जागांची तरतूद मूळ घटनेत नव्हती! ती पहिल्या ठेचेनंतर आली. घटना पोथी मानणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. धोट्यातला दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि त्याचा विटाळ होई. त्या खात्यात मजुरी अधिक होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उभा केला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा बोलणारे पुढारी अडचणीत आले. नोकरीतील समान संधीचे १६ वे कलम आले ते सरकारी नोकरीपुरते. गिरणीच्या मालकाने कोणाला कोणत्या खात्यात घ्यावे, हा विषय त्याच्या कक्षेबाहेर राहिला. म्हणजे दलित कामगार दोनदा भिंतीपाशी थांबला : एकदा कामगार म्हणून, एकदा दलित म्हणून.

३

ही भिंत बाबासाहेबांना दिसली नव्हती काय? दिसली होती, इतरांच्या आधी दिसली होती. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी घटना समितीसाठी जे निवेदन तयार केले, ते 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे व्हावेत, विमा राज्याच्या हाती असावा, शेती हा राज्याचा उद्योग मानून जमीन जात-धर्म न पाहता गावकऱ्यांना सामुदायिक कसणुकीसाठी द्यावी, मूळ मालकांना रोख्यांच्या रूपाने मोबदला द्यावा, अशी योजना आहे. आणि सर्वांत महत्त्वाचा भाग असा की, हे सर्व घटनेतच लिहावे, म्हणजे निवडून येणाऱ्या कोणत्याही बहुमताला ते मोडता येणार नाही, असा आग्रह आहे.

पुढे घटना समितीत चित्र बदलले. १५ नोव्हेंबर १९४८ रोजी के. टी. शहा यांनी घटनेत 'समाजवादी' हा शब्द घालण्याची दुरुस्ती सुचवली, तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांनी तिला विरोध केला. पुढच्या पिढ्यांनी आपली आर्थिक रचना कशी ठेवावी हे आज बांधून टाकणे लोकशाहीशी सुसंगत नाही, आणि मार्गदर्शक तत्त्वांत समाजवादी आशय आलेलाच आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

या दोन भूमिकांत विसंगती आहे. ती झाकण्यात बाबासाहेबांचा सन्मान नाही. १९४७ चे निवेदन हे एका पीडित समाजाच्या नेत्याचे मागणीपत्र होते. १९४८ ची भूमिका ही अशा मसुदाकाराची होती, ज्याच्यामागे सभागृहात स्वतःचे बहुमत नव्हते. त्या बहुमतात जमीनदार होते, गिरणीमालकांचे मित्र होते, आणि प्रामाणिक समाजवादीही होते. मालमत्तेचे कलम कसे बनले हे बाबासाहेबांनीच पुढे सांगितले. १९ मार्च १९५५ रोजी राज्यसभेत ते म्हणाले की, एकतिसाव्या कलमाची जबाबदारी मसुदा समितीची नाही. नेहरू, पटेल आणि पंत यांच्यात मतभेद होते आणि त्यांच्या तडजोडीतून ते कलम निघाले. ज्या कलमाने सोलापूरच्या भागधारकाला जिंकवले त्याचे पितृत्व बाबासाहेबांनी असे जाहीरपणे नाकारले आहे.

आणि हे भाषण कोणत्या चर्चेत झाले? चौथ्या घटनादुरुस्तीच्या. ती दुरुस्ती आणण्यामागे जे निर्णय होते त्यांत सोलापूरच्या मिलचा निर्णय प्रमुख होता. १९५५ च्या त्या दुरुस्तीने सार्वजनिक हितासाठी एखाद्या मालमत्तेचा कारभार मर्यादित काळ राज्याकडे घेण्याला संरक्षण दिले. जुन्या मिलच्या फाटकावर लागलेली नोटीस सहा वर्षांत संसदेत पोहोचून घटनेचा मजकूर बदलून गेली, असे म्हणायला हरकत नाही. त्याच भाषणात बाबासाहेबांनी घटना जाळण्याच्या आपल्या उद्गारांचा खुलासा केला : आपण देवासाठी देऊळ बांधले आणि देव येण्याआधीच त्यात सैतानांनी ठाण मांडले, तर देऊळ पाडण्यावाचून काय उरते? संताप होता तो देवळाच्या ताबेदारांवर.

४

देवळाचा दृष्टांत आला, तेव्हा पंढरपूरकडे वळले पाहिजे. कारण घटनेचे बळ कोठे आहे हे सोलापूर जिल्ह्यातच, पंढरपुरात, स्पष्ट दिसते. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्यांना उघडले. गुरुजींच्या तळमळीविषयी शंका नाही. पण त्या मार्गात आमचा प्रवेश दुसऱ्याच्या मनःपरिवर्तनावर अवलंबून होता. चोखोबा महाद्वाराच्या पायरीशीच राहिले, कारण त्यांच्याकडे अभंग होते, कलम नव्हते. १९५० मध्ये १७ वे कलम आले आणि अस्पृश्यतेचा कोणत्याही स्वरूपातील आचार गुन्हा ठरला. १५ व्या कलमाने विहिरी, तलाव, घाट, रस्ते, हॉटेले खुली केली. ही तिसऱ्या भागातील कलमे आहेत आणि खाजगी माणसावरही चालतात. कोणाच्या उपोषणाची, कोणाच्या पश्चात्तापाची त्यांना गरज नाही. तेथे आपण याचक नसतो, वादी असतो. हजारो वर्षांच्या समाजात हा फरक लहान नव्हे.

दुसरे बळ मताचे. १९३५ च्या कायद्याखाली मालमत्ता, सारा, शिक्षण पाहून मत मिळे. नव्या घटनेने एका फटक्यात प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत दिले. त्याचे फळ सोलापुरात लगेच दिसले. १९५२ च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत सोलापूर हा दोन जागांचा मतदारसंघ होता. राखीव जागेवर फेडरेशनचे पां. ना. राजभोज आणि सर्वसाधारण जागेवर शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे निवडून आले. सत्ताधारी काँग्रेसचा त्या लाटेतही येथे दोन्ही जागांवर पराभव झाला. साऱ्या देशात फेडरेशनला मिळालेल्या दोन जागांपैकी ही एक.

मात्र त्याच निवडणुकीत खुद्द बाबासाहेब मुंबईत पडले, हेही याच बळाचे दुसरे अंग आहे. राखीव जागा आमची, परंतु तिच्यावर कोणी बसायचे हे ठरवणारे बहुसंख्य मत दुसऱ्याचे. पुणे करारातील प्राथमिक निवडणुकीची पायरीही नव्या घटनेत राहिली नाही. म्हणून ऑगस्ट १९५५ मध्ये फेडरेशननेच विधिमंडळांतील राखीव जागा रद्द करण्याचा ठराव केला. येथेही आपली कसोटी लागू पडते. दार आहे, किल्ली दुसऱ्याकडे आहे.

५

१९५० नंतर घटना बदलत गेली. तो बदलही याच दोन कलमांवरून मोजता येतो. १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने उद्देशिकेत 'समाजवादी' हा शब्द आला आणि ४३-क कलमाने उद्योगाच्या व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचे तत्त्व आले. पुन्हा चौथ्याच भागात. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढला. ३१ वे कलम गेले. पण ४१ वे कलम होते तेथेच राहिले. भागधारकाचे दार लहान झाले म्हणून कामगाराची भिंत पडली असे झाले नाही. मालकापाशी वकील होते, बाजार होता. कामगारापाशी मोर्चा होता.

भिंतीला काही ठिकाणी भगदाडे पडली आहेत, हे नाकारू नये. १९८५ साली मुंबईच्या पदपथावरील लोकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका ही जीविताच्या हक्काचाच भाग मानली. झोपड्या मात्र वाचल्या नाहीत. चौथ्या भागातील शिक्षणाचे तत्त्व २००२ साली २१-क कलमाने मूलभूत हक्क झाले. आणि ४१ व्या कलमाला पहिले खरे दार बसवले ते महाराष्ट्राने. १९७२ च्या दुष्काळात रस्त्यावर खडी फोडणाऱ्या लाखो माणसांच्या दबावातून रोजगार हमीचा १९७७ चा कायदा झाला. मागेल त्याला काम, न दिल्यास भत्ता. सोलापूरसारख्या अवर्षणग्रस्त जिल्ह्याला याचे मोल सांगायला नको. २००५ चा केंद्राचा कायदा याच वाटेने आला. परंतु साध्या कायद्याने दिलेला हक्क साध्या कायद्याने आखडता घेता येतो. कारखाना बंद करण्यापूर्वी सरकारची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ मध्ये ३०० कामगारांच्या कारखान्यांना आले, १९८४ पासून ते १०० वर आणले गेले, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने पुन्हा ३०० वर नेले. ज्या शहरात मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले आणि काम छोट्या कारखान्यांत व घरातल्या विड्यांच्या सुपात गेले, तेथे तीनशेची मर्यादा किती जणांना शिवते हे कार्यकर्त्यांनीच पाहावे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने मुंबईच्या मालमत्ताधारकांच्या प्रकरणात, प्रत्येक खाजगी मालमत्ता ३९ व्या कलमातील समाजाचे भौतिक साधन ठरत नाही, असा बहुमताचा निर्णय दिला. ३१ वे कलम पुस्तकातून गेले, तरी त्यामागचा पक्ष कोर्टात अजून उभा असतो.

६

तेव्हा निष्कर्ष काय? घटनेच्या तिसऱ्या भागात आपले बळ आहे. त्याचे रक्षण करणे हे पहिले काम, आणि त्यात तडजोड नाही. घटना बदला म्हणणाऱ्यांना चौथा भाग बळकट करायचा नसतो, तिसरा भाग ढिला करायचा असतो, हे विसरता कामा नये. परंतु रक्षण म्हणजे स्तुती नव्हे. चौथ्या भागातील प्रत्येक कलम ही अपुरी राहिलेली मागणी आहे, असे समजून ते वाचले पाहिजे. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४-६५ चे भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेव्हा त्यांनी वेगळे काय केले? जे ३९ व्या कलमात लिहिले होते ते त्यांनी तुरुंगात जाऊन मागितले. मिरवणुका आणि जयंत्या वाढल्या, त्या मानाने या प्रकारचे घटनावाचन कमी झाले.

शिक्षकांनी वर्गात उद्देशिका जरूर म्हणून घ्यावी. पण त्यासोबत ३७ वे कलमही वाचून दाखवावे आणि विद्यार्थ्यांना विचारावे की, ही ओळ येथे का आहे, तिचा फायदा कोणाला झाला. कार्यकर्त्यांनी कामाचा, जमिनीचा, निवृत्तिवेतनाचा प्रश्न हाती घेताना निवेदनावर फक्त दयेची भाषा लिहू नये, कलमाचा आकडा लिहावा. आणि त्या आकड्याला कायद्याचे दार कसे बसेल यासाठी लढावे. ज्या दिवशी बंद पडलेल्या कारखान्यातला कामगार, द्वारकादास श्रीनिवास ज्या अधिकाराने सर्वोच्च न्यायालयात गेला त्याच अधिकाराने, ४१ वे कलम हाती घेऊन तेथे जाऊ शकेल, त्या दिवशी १९४९ सालच्या इशाऱ्यातील विसंगती मिटू लागली असे म्हणता येईल. तोवर घटनेची चिकित्सा करणे हे घटनेच्या बाजूने उभे राहण्याचेच काम आहे.